समोरचं दार

वर्ध्याच्या ज्या कॉलेजात मी वास्तुकला शिकवतो, तिथलं जुनं कपाट काल उघडलं आणि नकाशांच्या जुन्या अमोनिया प्रिंटचा उग्र वास नाकात गेला. आतली गुंडाळी उलगडली. धरणात जाणाऱ्या एका गावाच्या नव्या वसाहतीचा नकाशा होता, मीच आखलेला. सरळ रस्ते, सारखे प्लॉट.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. हाच नकाशा त्या गावच्या शाळेच्या ओट्यावर पसरला होता, कोपऱ्यांवर दगड ठेवून. कागदावरचं ऊन डोळ्यांत येत होतं. शेवंताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई वाकून बघत होत्या.

"माह्यं घर कोनतं, बाबू?"

मी प्लॉटवर बोट ठेवलं.

"अन् गिरजाचं?"

ते मागच्या ओळीत होतं, पाठमोरं.

"माह्या दारातून तिचं दार दिसन ना? आता समोरच हाय. एकटी राह्यते ती. सकाळी तिचं दार उघडलं का मंग मी चहा मांडतो."

"नाही दिसणार, आजी. आता बदल होत नाही."

त्या घरी गेल्या. मी नकाशा गुंडाळून बस पकडली. मनात काहीच आलं नाही.

पुढे त्या वसाहतीत गिरजाबाई वारल्या, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं लोकांना. मला हे कुणीतरी सांगितलं, तेव्हाही मी जेवत राहिलो.

आता 'स्थळ' या कल्पनेवर, माणसाच्या जागेशी असलेल्या नात्यावर, मी मुलांपुढे तासभर बोलतो, न अडखळता. ओट्यावर नकाशा पसरला त्या दिवशी प्लॉटचं वाटप कच्चंच होतं, कुणाची सही झाली नव्हती. दोन नावं इकडची तिकडे करायला मला पाच मिनिटं लागली असती.