यादीतले चार पंखे

वकारच्या हातात टेस्टर दिला की तो गप्प होतो आणि हुकूम पटला नाही की बोलायला लागतो, हे बराकीत सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या गुणामुळे तळावर त्याच्यावाचून दिवा लागत नसे. दुसऱ्यामुळे सहा वर्षांत बाहीवरच्या एका फितीच्या दोन झाल्या नव्हत्या.

वकार अकोटचा. वडील जैनुद्दीन यांचं जिनिंगच्या रस्त्याला मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तांब्याची तार गुंडाळत पोरगा आयटीआयला गेला आणि तिथून सैन्यात. मूर्तिजापूर आणि बडनेऱ्याच्या मध्ये सावंगखेड्याला सैन्याच्या सामानाचा डेपो आहे. त्याच्या पहाऱ्याला जी तुकडी आहे, तिच्यात बहुतेक याच मुलखातले जवान. लान्स नाईक वकार तिथला इलेक्ट्रिशियन.

तो आला तेव्हा बराकीमागे मनोरंजन खोली होती. दोन कॅरम, वर्तमानपत्रं, एक जुना टीव्ही. संध्याकाळी ड्युटीवरून सुटलेला जवान तिथं तासभर माणसासारखा बसायचा. पुढे छत गळायला लागलं. डांबर लावून गळती थांबवली, पण तोवर आत समारंभाच्या खुर्च्या रचल्या गेल्या होत्या आणि दाराला कुलूप लागलं होतं. व्हॉलीबॉलच्या मैदानावर गाड्या उभ्या राहू लागल्या. नळाला खारपाणपट्ट्याचं पाणी. साबणाला फेस नाही आणि गिझरची कॉइल सहा महिने टिकत नाही. कॉइल मागितली की उत्तर यायचं, पुढच्या वर्षी. बराकीत तीस माणसं खाटेला खाट लावून. एप्रिलपासून वरचे पत्रे असे तापायचे की लोक चादर भिजवून अंगावर घ्यायचे. जायचं कुठं? खाटेवर पडून मोबाइल बघायचा, तोही रेंज असली तर.

वर्षातून एक दिवस मात्र ते कुलूप उघडायचं. वार्षिक तपासणीचा दिवस. खुर्च्या बाहेर निघायच्या, भिंतीला चुना लागायचा, साहेबांच्या गेस्ट हाउसमधून टीव्ही आणि पंखे यायचे. वकार शेजारच्या ऑफिसमधून लांब वायर ओढून ते चालू करून द्यायचा. मोठे साहेब येऊन बघायचे, मान हलवायचे, जायचे. दुसऱ्या दिवशी सगळं उतरवून परत. तीन वर्षं वकार दर वेळी सुभेदारांना म्हणायचा, "साहेब, राहू द्या ना." तीन वर्षं सुभेदार म्हणायचे, "पाहू."

सुभेदार खुशालराव शेंदूरजनाघाटचे. संत्र्याची बाग, निवृत्तीला चौदा महिने. माणूस वाईट नव्हता. चौदा महिने विनाभानगडीचे जावेत, एवढीच त्याची इच्छा.

यंदा गेस्ट हाउससाठी चार नवे पंखे आले होते. खुशालरावांनी ते खोक्यातून थेट मनोरंजन खोलीत आणवले. वकारने या वेळी वायर ओढली नाही. भिंतीला पाइपाची पट्टी मारली, वेगळा स्विचबोर्ड बसवला, अर्थिंग दिलं, छताला हुक ठोकून पंखे टांगले. दोन दिवस तो तेच करत होता.

"एका दिवसासाठी येवढं कावून करून राहिला बे?" खुशालराव दारातून म्हणाले.

"साहेब, मले लटकवायचं काम येत नाही. बसवायचं येते."

"बसव. पण उद्या तपासणी झाली, की परवा काढजो. साहेबाच्या गेस्ट हाउसचा माल हाय तो. अन् ऐक, यंदा नाईकच्या बढतीच्या यादीत तुयं नाव धाडलं हाय म्या. चूप राहजो."

मग खुशालरावांना आणखी एक सुचलं. सैन्यात प्रत्येक खोलीच्या दारामागे बोर्ड असतो. आत काय काय आहे, किती आहे, त्याची यादी. या खोलीच्या बोर्डावरची अक्षरं केव्हाच उडून गेली होती. त्यांनी धारणीच्या देवमन नावाच्या जवानाला बोलावलं, कारण त्याचं अक्षर सुरेख. देवमनने ऑइलपेंटने लिहिलं: पंखे ४, टीव्ही १, कॅरम २, बाक ६. रजिस्टरमध्येही तसंच उतरवलं. सुभेदार खूश झाले. एवढी पक्की तयारी तळावर कुणी केली नव्हती.

तपासणीला आलेले ब्रिगेडियर साहेब पंख्याखाली जरा जास्तच थांबले. बाहेर त्रेचाळीसचं ऊन होतं. त्यांनी बोर्ड वाचला, पंखे मोजले आणि विचारलं, हे कायमचे ना?

"जी साब, परमनंट," खुशालराव म्हणाले.

ब्रिगेडियर साहेबांनी रजिस्टरवर सही केली. कोपऱ्यात शिडी धरून उभ्या असलेल्या वकारने ती सही पाहिली.

दुसऱ्या दिवशी सैनिक संमेलन. महिन्यातून एकदा कर्नल साहेब सगळ्यांना सतरंजीवर बसवून बोलतात आणि शेवटी विचारतात, "कोई पॉइंट?" पॉइंट म्हणजे अडचण. ती आदल्या दिवशीच सुभेदारांना सांगायची असते. सुभेदार ठरवतात ती अडचण आहे की नाही. म्हणून संमेलनात सगळे एका आवाजात "नहीं साब" म्हणतात आणि चहाला जातात.

सकाळीच खुशालरावांनी हुकूम दिला होता, तीनपर्यंत पंखे खाली. वकारने पॉइंट सांगितला. खुशालराव म्हणाले, "हा पॉइंट नोहे."

सतरंजीवर देवमन त्याच्या कानाला लागला. "वकारभाऊ, तुयी फीत जाईन बरं."

"फीत बाहीवर राहते. झोप तर पत्र्याखालीच घ्या लागते ना?"

कर्नल साहेबांनी तपासणीबद्दल सगळ्यांना शाबासकी दिली. मग विचारलं, "कोई पॉइंट?"

"नहीं साब" उठायच्या आत वकार उभा राहिला. नाव, नंबर सांगितला. मग अकोटच्या हिंदीत, न अडखळता बोलला. साब, मनोरंजन खोलीच्या बोर्डावर चार पंखे आहेत. काल त्याच यादीवर ब्रिगेडियर साहेबांची सही झाली. आज तीन वाजता पंखे उतरवायचा हुकूम आहे. हुकूम मान्य आहे. फक्त आधी बोर्डावरचा चारचा आकडा खोडावा आणि खोडणाऱ्याने सही करावी. नाहीतर पुढच्या मोजणीत पंखे कमी भरले, तर चोर मी ठरतो.

कर्नल साहेबांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी आपल्या बुटांकडे.

"ती खोली उघडी नसते का?" कर्नल साहेबांनी सगळ्यांना विचारलं.

देवमन उठला. त्याचे कान लाल झाले होते. "असते साब. वर्षातून एकदा."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात दडवलं.

कर्नल साहेब म्हणाले, "पंखे राहतील. किल्ली गार्डरूममध्ये ठेवा." आणि वकारला, "पॉइंट आधी सुभेदारांना द्यायचा असतो."

"दिला होता साब. तीन वर्षं."

महिन्याने नाईकची यादी आली. वकारचं नाव नव्हतं. खुशालरावांनी त्याला जनरेटरच्या शेडजवळ गाठलं. "म्या सांगतलं होतं तुले."

"म्याही सांगतलं होतं तुमाले, साहेब."

खोली आता रोज उघडते. पंख्याखाली दुपारची झोप घेणाऱ्यांची रांग लागते आणि कॅरमवरून भांडणं होतात. टीव्ही मात्र संमेलनाच्याच रात्री गेस्ट हाउसला परत गेला होता. भिंतीवर चार स्क्रू तेवढे राहिले.

दर सोमवारी वकार खुशालरावांच्या टेबलावर एक अर्ज ठेवतो. मजकूर ठरलेला: बोर्डावर टीव्ही एक, खोलीत शून्य. सरकारी वस्तू गहाळ, चौकशी व्हावी.

अकराव्या सोमवारी खुशालरावांनी चष्मा काढला. "अजून किती अर्ज देशीन बे?"

"टीव्ही येईपर्यंत, नाही तं बोर्ड पुसेपर्यंत."

"तं मंग पुसून टाकतो बोर्ड."

"पुसा ना साहेब," वकार म्हणाला. "पण पुसणाऱ्याची सही लागीन."

खुशालरावांनी अर्ज उचलला, आधीच्या दहांवर ठेवला आणि फाइलची दोरी बांधली. मग दोरी पुन्हा सोडली, फोन ओढला आणि गेस्ट हाउसचा नंबर फिरवला.