खालच्या दोन रेघा

चित्र काढायला मी शिकलो ते मेलेल्या माणसांवर. हे असं लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं लिहिलं तर ते खोटं होईल.

दौंड स्टेशनच्या मालधक्क्यावर मी कारकून. मालगाडीच्या वाघिणी लागल्या की पोती उतरायची, वजनं पडताळायची, भाडं काढायचं. दुष्काळाच्या सालात लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, वाघिणी येत तेव्हा मान वर करायला सवड नसे. एरवी दोन मालगाड्यांच्या मध्ये वेळ रिकामा जाई. शाळेत असताना मी नकाशे चांगले काढत असे. चाळिशीला टेकेपर्यंत चित्रकलेशी माझा संबंध एवढाच होता.

धक्क्यावरच्या हमालांचा मुकादम अचानक गेला. त्याच्या बायकोकडे त्याचा एकच फोटो होता, ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. "भाऊ, याचा मोठा करून द्या कुणाकडनं तरी. भिंतीला लावायला काहीच न्हाई," असं ती म्हणाली. मला नकाशाची युक्ती आठवली. फोटोवर पातळ कागद ठेवून त्यावर बारीक चौकोन पाडायचे, ड्रॉइंगच्या कागदावर तितकेच, पण मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेका चौकोनात जे असेल ते तिकडं न्यायचं. नाकपुडी कोणत्या चौकोनात येते, कानाची पाळी कुठं संपते, हेच बघायचं. माणसाकडं बघायचंच नाही. मग काळी पावडर कापसाच्या बोळ्यानं चोळून सावल्या भरायच्या.

मुकादम जसाच्या तसा उतरला. त्याच्या बायकोनं कागद पाहिला, "हेच, हेच" म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसली. त्या बाईच्या रडण्यानं मला आनंद झाला. तो लपवण्यासाठी मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग लोक येऊ लागले. आमच्या रेल्वे क्वार्टर्समधले, गावातले, एकदा पाटसहूनही एक जण आला. कुणाला दहाव्याच्या आत चित्र हवं असे, तर आमच्या बौद्ध समाजातल्यांना पुण्यानुमोदनाच्या दिवशी. माझी पद्धत ठरून गेली. कागद ताणून बसवला की आधी तळाशी कडक पेन्सिलीनं, पट्टी धरून, दोन रेघा मारायच्या. वरच्या रेघेवर नाव, खालच्या रेघेवर जाण्याची तारीख. ही जागा आधीच बाजूला काढली म्हणजे उरलेल्या कागदाचे चौकोन बिनचूक पडतात.

शिरूर हे माझं गाव. तिथं आई आणि थोरला भाऊ राहत. सुट्टीच्या दिवशी एसटीनं चौफुला, न्हावरा करत मी तिकडं जाई. गावात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. त्यांना मी माझी चित्रं दाखवली. त्यांनी ती उताणी-पालथी करून पाहिली आणि चष्मा काढला.

"हात स्वच्छ आहे तुमचा," ते म्हणाले. "पण तुम्ही चेहरा काढत नाही हो, चेहऱ्याचा हिशेब मांडता. यांतल्या एकाला तरी तुम्ही बघितलंय का?"

"मुकादमाला रोज बघत होतो, गुरुजी."

"मग त्याच्या चित्रात ते कुठंय? जिवंत माणूस समोर बसवा. रोज बसवा. वाईट येऊ द्या."

मी हो म्हणालो आणि खरंच प्रयत्न केला. बायकोला बसवलं, तर तिला चुलीवरचं दूध दिसे. आरसा ठेवून स्वतःला काढलं, तर कागदावर कुणी तरी रागीट पाव्हणा आला. जिवंत माणसाची मान हलते, उजेड सरकतो, आणि ज्याच्यावर चौकोन पाडावेत असं काहीच नसतं. थोड्याच दिवसांत पेन्सिली डब्यात गेल्या. आठवडेच्या आठवडे मी डब्याला हात लावत नसे. आपल्याला हे येणार नाही, या वयात कशाला हवं, असं स्वतःला सांगत असे. मग कुणी तरी जाई, दारात छोटासा फोटो येई, आणि माझा हात पुन्हा चालू लागे. माझा हुरूप असा लोकांच्या दुःखावर बेतलेला होता. ते मला कळत होतं आणि तरीही मी पेन्सिलीला टोक करत होतो.

एका सकाळी मागच्या ओळीतल्या क्वार्टर्समधून रडारड ऐकू आली. शेजारीण दारात येऊन सांगून गेली. मी दाढी करत होतो. तोंडाला साबण तसाच ठेवून मी विचारलं, "त्यांच्याकडं फोटो आहे का एखादा?"

बायको भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"अवो, कोन गेलं ते तरी इचारा आधी."

मी वस्तरा पाण्यात बुडवला.

"चित्रं काढताय म्हनून चित्रगुप्त झालात काय?" ती म्हणाली. "मानूस जायची वाट बघता आन् वर नोंद करून ठेवता."

ती हे हसत म्हणाली असती तर मीही हसलो असतो. ती हसली नाही. गेलेले गृहस्थ माझ्या चांगल्या ओळखीचे होते. त्यांच्या घरी जाऊन मी तिरडीजवळ उभा राहिलो, आणि तिथंही माझं लक्ष त्यांच्या कपाळावरच्या उजेडाकडं होतं. त्यांचं चित्र मी काढून दिलं. सगळ्यांनी वाखाणलं. मला मात्र ते चोरून आणल्यासारखं वाटत राहिलं.

आईनं हे सगळं कुणाकडून तरी ऐकलं असावं. पुढच्या खेपेला शिरूरला गेलो, तर ती म्हणाली, "साऱ्या दौंडाची चित्रं काढतुयास म्हनं. माझं कवा काढनार?"

आईचा एकही फोटो नव्हता. तिच्या वेळेस कुणी काढलाच नाही. मी म्हटलं, "चल, बाजारात फोटो काढू तुझा. त्यावरनं मोठा करतो."

"फोटूवरनं करायचं तर तू कशाला पायजे? फोटूवालाच हाय की. तू माझ्याकडं बघून काढ."

थोरला भाऊ कोपऱ्यात सायकलीची चेन बसवत होता. तो वैतागला. "जित्या मानसाचा एवढा मोठा फोटू करतात व्हय, आई? बघनारा हार घालून जाईल."

"घालू दे. फुलं मलाबी आवडत्यात," ती म्हणाली. "शकुन-अपशकुन सारं दीक्षा घेतली तवाच घोड नदीत सोडलं आपन. तुजं अजून तरंगतंय व्हय रं?"

भाऊ हसला आणि त्यानं विषय सोडला. सोडला नाही तो मी. पुढच्या वेळी काढतो, उजेड नाही, कागद आणला नाही, असं करत मी कितीतरी खेपा टाळलं. अपशकुनाला मी भीत नव्हतो. मी माझ्या नजरेला भीत होतो. मेलेल्यांवर तयार झालेली ती नजर आईवर टाकायचा मला धीर होत नव्हता.

शेवटी आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू धरला. "मला दिसतंय तवर काढ बाबा," ती म्हणाली, आणि टाळायला काही उरलं नाही.

दुपारी तिला दाराशी पाटावर बसवलं, चांगलं लुगडं नेसायला लावून. मी समोर फळीवर कागद ताणला. पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून तिच्या कपाळाचं माप घेऊ लागलो.

"काय मोजतुयास? मालधक्क्यावरचं पोतं हाय का मी?"

"हलू नकोस गं."

"बोलू तर का नको? गप बसलेली आई तू कवा बघितली हायस?"

खरंच होतं ते. ती बोलत राहिली. विहिरीचं, भावाच्या लहानपणीचं, तिच्या आईच्या कानातल्या बुगड्यांचं. बोलताना तिच्या वरच्या ओठाचा डावा कोपरा आधी उचलला जाई आणि मग उजवा येई. इतक्या वर्षांत मी ते पाहिलंच नव्हतं. रेघ चुकली, खोडली, पुन्हा मारली. डोळे दोन्ही सारखे आले नाहीत, पण उजवा तिचाच आला. मास्तर म्हणाले होते ते मला पहिल्यांदा हाताला लागल्यासारखं वाटलं.

ती उठून जवळ आली आणि कागद चांगल्या डोळ्याजवळ धरला. वाचता तिला येत नव्हतं, पण नजर बारीक होती.

"ह्या खाली दोन रेघा कसल्या?"

कागद ताणल्याबरोबर, सवयीनं, पट्टी धरून त्या मीच मारल्या होत्या. मारताना लक्षातही आलं नव्हतं.

"वरच्यावर नाव लिहितात," मी म्हणालो.

"आन् खालच्यावर?"

मी खोडरबर चाचपू लागलो. भाऊ दारात उभा होता. त्यानं मान फिरवली. आई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मघापर्यंत मी तिचं तोंड वाचत होतो. आता ती माझं वाचत होती.

"खोड," ती हळूच म्हणाली.

मी खालची रेघ खोडली. पण कडक पेन्सिलीची रेघ कागदात रुतलेली असते. शिसं निघतं, चर राहतो. तो झाकावा म्हणून मी लुगड्याची सावली खालपर्यंत ओढली, कापसानं पावडर चोळली, आणि काळ्यातून ती रेघ पांढरी होऊन जास्तच उठून दिसली. चरात पावडर शिरत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

आईनं त्यावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

"हितं खळगा हाय अजून."

"व्हय."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "कामाला यील." आणि ते काळं बोट माझ्या शर्टाला पुसून चहा टाकायला गेली.

तेव्हापासून कागदावर आधी रेघा मारणं मी बंद केलं. लोकांचे फोटो अजून येतात आणि मी काढूनही देतो, पण त्याआधी जाऊन घरच्यांजवळ बसतो, माणूस बोलायचा कसा ते विचारतो. शिवाय धक्क्यावर हमाल पोत्यांवर टेकलेले असतात, त्यांना काढतो. बरीचशी वाईट येतात. मास्तर म्हणतात, येऊ द्या.

आईचं ते चित्र मात्र अर्धंच आहे. डावा डोळा दुरुस्त करायचा राहिलाय, हात राहिलेत. ते शिरूरला तिच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली असतं. गेलो की ती काढून समोर ठेवते. "पुरं कर की रं एकदाचं. दिसंना झाल्यावर काय चाचपून बघू?" मी तिला पाटावर बसवतो, बोलायला लावतो आणि नवा कागद घेतो. तोंडाचा तो कोपरा आता मला बऱ्यापैकी येतो. ती चांगल्या डोळ्यानं माझ्या हाताकडं बघत असते आणि तिला कळतं, की हा जुना कागद नव्हे.

"आज बी न्हाईच व्हय?" ती विचारते.

मी पेन्सिलीला टोक करत बसतो.