ओरेस्तेनं निवडलेलं पिस्तूल

कुठलंही पिस्तूल हातात आलं की माझा नवरा ओरेस्ते आधी ते तळहातावर जोखतो. प्लास्टिकच्या सांगाड्याचं असेल तर त्याचं नाक लगेच वाकडं होतं. "काय ही साबणाची डबी!"

आमच्या गार्दोनेच्या खोऱ्यात घरटी एक जण तरी बंदुकीच्या कारखान्यात. माझी उमेदीची वर्षं बंदुकीच्या नळ्या घासण्यात गेली, त्याची पिस्तुलांचे भाग जुळवण्यात. त्यानं जुळवलेलं ते जाडजूड, धातूच्या सांगाड्याचं पिस्तूल निम्म्या देशातल्या पोलिसांच्या कमरेला लटकतं, असं तो सांगतो. निम्म्याचं मला माहीत नाही, पण चांगलं होतं ते.

बारमध्ये कोणी पंचेचाळीस कॅलिबरच्या जाड गोळीचं कौतुक केलं की ओरेस्तेची कॉफी गार झालीच म्हणून समजा. "जाड आहे, पण मॅगझिनमध्ये मावतात किती? आणि दणका असा की दुसरी गोळी कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. चाळीसची तर त्याहून खट्याळ, मनगटालाच हिसका देते. नऊ मिलिमीटर घ्या आणि गप्प बसा!" यात त्याचं बरोबर होतं. चुकला असता तर मीच आधी सांगितलं असतं, ते काम मला आवडतं.

आमची मुलगी नीवेस गावच्या पोलिसांत. वर्षाच्या नेमबाजी परीक्षेत ती दोनदा नापास झाली. यंदा झाली तर पिस्तूल काढून घेणार आणि तिला कचेरीतल्या टेबलाला बांधणार. नीवेसला रस्ता हवा होता. तिचा हात लहान, कमरेच्या त्या बापाच्या पिस्तुलाची मूठ जाड, त्यात पहिल्या गोळीला चाप लांबवर ओढावा लागतो. बोट जेमतेम पोचायचं आणि पहिली गोळी दर वेळी खाली डावीकडे. बूट चावला तर आमची माणसं बूट बदलतात, पण पिस्तूल जमलं नाही तर दोष हाताचा! ओरेस्तेनं वर्षभर तिच्याकडून रबरी चेंडू दाबून घेतला. "हात कमकुवत आहे तुझा," हे तिनं किती वेळा ऐकलं असेल!

त्याच वर्षी गावच्या पोलिसांना नवी पिस्तुलं घ्यायची ठरली. कमांडर झानोत्तींनी दोन नमुने मागवले. दोन्ही नऊ मिलिमीटर. एक ओरेस्तेचं, एक प्लास्टिकचं. निवड करायला त्यालाच बोलावलं. कारखान्यातले जुने दोस्त मुद्दाम मजा बघायला आले, मीही गेले. निकाल सगळ्यांना माहीतच होता.

धिप्पाड शिपायांनी दोन्ही पिस्तुलांनी सारखेच नेम मारले. मग नीवेस. जुन्या पिस्तुलाची पहिली गोळी नेहमीच्या जागी, खाली डावीकडे. प्लास्टिकच्या पिस्तुलाला मुठीमागची पट्टी बदलता येत होती. ओरेस्तेनं सगळ्यात बारीक पट्टी स्वतःच्या हातानं बसवली. तिच्या सगळ्या गोळ्या एका बशीत मावतील अशा लागल्या. त्यानं निशाणाच्या पुठ्ठ्याजवळ जाऊन एकेका भोकावरून बोट फिरवलं. मला त्याची कीव आली, खरंच आली.

नीवेस जवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी नको हं."

"तुझ्यासाठी कोण करतंय? बाकीच्यांना दोन्ही चालतात. ज्यानं सगळ्यांचं भागतं ते घ्यायचं." मग कमांडरकडे वळून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "प्लास्टिकचं घ्या!"

"काका, नक्की?" झानोत्तींनी विचारलं.

"गावासाठी पिस्तूल निवडतोय, माझा पुतळा नाही उभारत."

मागून एक दोस्त ओरडला, "ओरेस्ते, अरे साबणाची डबी ती!"

"मग आंघोळ कर आणि घरी जा," ओरेस्ते म्हणाला.

महिन्याभरानं नीवेस परीक्षा पास झाली आणि तशीच गणवेशात घरी आली. मी तिला मिठी मारली. ओरेस्तेनं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं सरळ केली, उलटसुलट करून पाहिला.

"हात चांगला आहे गं तुझा," तो म्हणाला. "आधीपासूनच चांगला होता."

इतक्या वर्षांत त्याच्यासमोर कधी न रडलेली माझी पोर तेव्हा रडली.