घळीच्या पाण्यातली दुसरी गाठ

भूत, करणी, अंगात येणं… असलं कोणी सांगायला लागलं की मी उठून चालू पडायचो. नरोलीच्या धाग्याच्या कंपनीत माझा जन्म गेला. मशीन बंद पडली तर कुठेतरी बेअरिंग गेलेलं असतं, भूत बसलेलं नसतं. आजही माझं मत तेच आहे. म्हणून तर डोकं चालत नाही.

मी सातवीपर्यंत शिकलो. हे कागदावर लिहून दिलंय, माझी मुलगी कल्पना टाइप करते आहे. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारू नको.

आम्ही मूळ नंदुरबारकडचे, राहायला सिल्वासाजवळ सामरवरणीला. माझी बायको सुमन या पावसाळ्यात गेली. ताप आला, दवाखाना झाला, खलास. माणूस एवढ्या लवकर संपतं हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी तिच्या फोटोपुढे चहा ठेवायचो आणि म्हणायचो, "तू गेली सुटून. मलाही ने आता." रोज. कल्पना आणि जावई माझ्याजवळच राहतात. ती रागवायची. मी म्हणायचो, तुला काय करायचं, आमचं दोघांचं चाललंय.

सुतक फिटलं तरी वर्ष व्हायचं होतं, म्हणून यंदा घरात दिवाळी नव्हती. कंदील नाही, फराळ नाही. कंपन्यांना सुट्टी. जावई प्रवीण म्हणाला, "मामा, माझ्या शिफ्टमधले चार जण खानवेलच्या पुढे त्या घळीत जाताहेत. आम्ही दोघंही जातो. तुम्ही चला, तुम्हाला ती जागा माहीत आहे."

माहीत कशी नसणार. दर हिवाळ्यात मी आणि सुमन तिथे जायचो. दोन कातळ इतके जवळ की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात. वर आभाळाची नुसती पट्टी. लांबपर्यंत अशीच चिंचोळी वाट, खाली कुठे घोटाभर, कुठे मांडीभर पाणी. आत असताना वरून लोंढा आला तर चढायला जागा नाही. म्हणून आत जायच्या आधी पाणी बघायचं. आमची रीत अशी — आदल्या दिवशी दुपारी जायचं, घळीच्या तोंडाशी डोह आहे तिथे कातळातल्या मुळीला दोरा बांधायचा, टोकाला खडा लावून पाण्यात सोडायचा, आणि पाणी टेकतं तिथे दोऱ्याला गाठ मारायची. सकाळी बघायचं. गाठ पाण्यालगत असली तर जा. बुडाली असली तर घरी.

दोरा माझा, कंपनीच्या वेस्टेजमधला. युक्ती तिची, तिच्या बापाची. गाठीवरून मात्र कायम भांडण. मी मारतो निरगाठ, कापल्याशिवाय सुटायची नाही. ती मारायची सुरगाठ, दोऱ्याचा एक कान बाहेर ठेवून, ओढला की सुटली. वर ती डावखुरी, त्यामुळे कान उलट्या बाजूला. दुधाची पिशवी, वालाचा वेल, कपड्यांची दोरी, सगळ्याला तोच उलटा कान. म्हणायची, "तुमच्या गाठी म्हणजे कोर्टाच्या केसी. सुटायचं नावच नाही."

तर आदल्या दिवशी मी एकटाच गेलो. दोरा बांधला, खडा सोडला, पाण्याशी निरगाठ मारली. ओढून बघितली. परत आलो.

सकाळी सगळे टेम्पोने गेलो. ऊन कडक. प्रवीणने मोबाईल दाखवला, "बघा मामा, सूर्यच सूर्य." वाटेत शेळ्या घेऊन एक बाई भेटली. तिला विचारलं, पाणी कसं आहे? ती म्हणाली, "बरं आहे. जा की."

डोहाशी आलो. दोरा होता तसाच. गाठ बरोबर पाण्यालगत.

"चला!" पोरं निघालीच. कल्पनाने चपला काढून हातात घेतल्या, एक पाय पाण्यात. "बाबा, या ना. काय बघताय?"

गाठीला कान होता.

उलट्या बाजूला.

मी आधी समजलो, माझीच नजर गेली. खाली बसलो, दोरा वर ओढला. त्या गाठीच्या खाली, वीतभर, ओली — माझी निरगाठ. जिथे मी मारली होती तिथेच. म्हणजे पाणी रात्रीत वीतभर चढलं होतं. आणि चढलेल्या पाण्याशी कोणीतरी दुसरी गाठ मारून ठेवली होती.

"कल्पना, बाहेर ये."

"काय झालं?"

"बाहेर ये म्हटलं ना!"

प्रवीण हसला, "मामा, इथे थेंब पडला नाही. वीतभराने काय होतंय?" एक पोरगा पुटपुटला, "काका आज सासरेपणाच्या ड्युटीवर दिसताहेत." मी म्हणालो, "तू जा बाबा, तुझा मी कोणी नाही. माझी मुलगी जाणार नाही." मग कोणीच गेलं नाही. तोंडं वाकडी करून वर खडकावर बसले, डबे उघडले.

कल्पनाने दोरा हातात घेतला. कानावरून बोट फिरवलं. मी विचारलं, "तू मारलीस का आत्ता?"

"बाबा, मी तुमच्याबरोबरच आले ना." मग हळूच, "आईची आहे."

जेवणं होत आली तेव्हा घळीतून आधी वारा आला. ओल्या मातीचा वास. मग काटक्या, पाला, एक मोडकी टोपली… आणि मागून लाल पाणी, कातळ भरून. असा आवाज मी शंभर मशीन एकदम चालू झाल्या तरी ऐकला नाही. मघाशी बोललेला पोरगा माझ्या शर्टाला धरून उभा होता. दोरा, मूळ, सगळं गेलं.

पाण्याचं मला नवल नाही. वर घाटात पाऊस झाला असणार. नवल गाठीचं आहे. पाड्यावरच्या कोणी मारली असेल? डावखुरी माणसं काय कमी आहेत. पण त्याने नेमकी पाण्यापाशीच का मारावी? मीच मारली, झोपेत, भ्रमात? घरी येऊन डाव्या हाताने ती गाठ मारायला बसलो. मला जमत नाही.

बरं, तीच आली असं धरू. कल्पना म्हणते, आईने सावध केलं. मी म्हणालो, सावध करायचं तर माझी गाठ बुडालेलीच पुरे होती. ती बघूनच मी सगळ्यांना मागे फिरवलं असतं. वरची गाठ कशाला? ती गाठ तर सांगत होती, पाणी होतं तेवढंच आहे… या. कान दिसला नसता तर मी गेलोच होतो आत. पुढे मी, मागे पोरगी.

मग कान का ठेवला? मला दिसावा म्हणून? की तिला दुसरी गाठ येतच नव्हती म्हणून?

मला अडवायला आली होती की न्यायला, हे कळत नाही. कोणाला कळलं तर सांगा. देवाधर्माचं सांगू नका, ते गुरुजींनी सांगून झालंय.

चहा अजून ठेवतो फोटोपुढे. फक्त "ने मला" म्हणणं बंद केलंय. विश्वास नाही माझा असल्या गोष्टींवर. पण ऐकत असली तर… कल्पना रोज माझ्या शेजारीच बसलेली असते.