मुक्कामी गाडी

मी गाव सोडलं त्या पहाटे बाबांनी माझ्याआधी कंडक्टरला चहा दिला. असा राग आला होता मला! पोरगी पुण्याला निघालीय आणि ह्यांना गाडीवाल्यांची पडलीय. मग ते खिडकीशी आले आणि माझ्याकडे न बघता कंडक्टरलाच म्हणाले, "माही पोरगी हाये. मानोऱ्याले मंगरूळच्या गाडीत बसवून द्या बरं." मला एवढंच, "हात बाहेर काढू नोको." चांगली एम.ए. झालेली पोरगी मी, आणि निरोप हा.

ज्यांनी मुक्कामी गाडी पाहिली नाही त्यांना सांगते. मानोऱ्याच्या पुढे डोंगरात आमचं गाव, रस्ता तिथंच संपतो. संध्याकाळी एसटी यायची, रात्रभर निंबाखाली उभी राहायची आणि पहाटे परत निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच मुक्काम करायचे. निंबाजवळचं पहिलं घर आमचं, म्हणून त्यांची सगळी काळजी बाबांनी अंगावर घेतलेली. बेसन-भाकर, अंथरूण, पहाटे अंघोळीला गरम पाणी. काही जण पोटभर जेवायचे. काही जण आडनाव विचारून मग डबा आणलाय म्हणायचे, बाबा त्यांच्यासाठीही पाणी तापवायचे. आई चिडायची, "तुमचे कोन लागतात ते?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "घर सोडून आलेला मानूस हाये. त्याले कोनी इचारलं पाह्यजे."

पुढे ती गाडी बंद झाली. नंतर आईही गेली.

पुण्यात माझं काम काय, तर लोकांना डोंगरातल्या शांत गावी पाठवणं. स्लो ट्रॅव्हल म्हणतात त्याला. पाहुणे हिमाचलातल्या एखाद्या गावात आठवडाभर राहतात, घरच्यांसोबत जेवतात, ओसरीवर बसतात, कुठं जायची घाई नाही. आठवडाभर काहीच न करण्याचं पॅकेज मी लॅपटॉपवर धावपळ करून विकते. एकदा मीटिंगमध्ये कुणी तरी म्हणालं, "तुझं गावही डोंगरात आहे ना? शांत असेल." म्हटलं, फार शांत आहे. निम्म्या घरांना कुलपं आहेत. आमच्यासारखे सगळे निघून गेले तेव्हा कुठं ते एवढं शांत झालं.

मग शेजारच्या सुमनकाकूंचा फोन आला. "तुह्ये बाबा रोज सांजच्यानं भाकर बांधून निंबाखाली बसतात. गाडी येऊन राह्यली मनतात. बाई, तू येजो लवकर."

मी त्यांना पुण्याला आणलं. तुम्ही गावाकडचे म्हणता ना, बापाला घेऊन जा, ठेव तुझ्याजवळ? ठेवलं की! अकराव्या मजल्यावर ठेवलं. ते रोज खाली उतरून वॉचमनला मानोऱ्याची गाडी विचारायचे. एकदा दिवसभर सापडले नाहीत. संध्याकाळी स्वारगेटला एका फलाटावर दिसले, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर. पुढे त्यांनी खाणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या जागी बरे राहतील. मी त्यांना परत सोडून आले. सुमनकाकू लक्ष ठेवतात, पण त्यांचंही वय झालंय. मी गावी राहिले तर नोकरी जाते, पुण्यात राहिले तर बाप जातो. मला खरंच काही सुचत नाही.

मागच्या आठवड्यात पुन्हा निघाले. शेलूबाजारला ट्रॅव्हल्समधून उतरले, तिथून जीप, मानोऱ्याहून ऑटो. ऑटोवाल्यानं चढाच्या आधीच सोडलं. वर चालत पोचले तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं आणि बाबा निंबाखाली बसले होते. माझ्या खांद्याला आडवी बॅग होती. ती पाहून ते लगबगीनं उठले.

"या मॅडम. आज लय उशीर झाला गाडीले. डायवर साहेब कुठी हायेत?"

बाबांनी मला जन्मात कधी 'मॅडम' म्हटलं नव्हतं. "बाबा, मी सुजाता," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, जसं कुणीही स्वतःचं नाव सांगितल्यावर हलवतात. "हो हो. चाला, जेवून घ्या. थकल्या असान."

मी जेवले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटलीत, पाहुणी होऊन. ते समोर बसून वाढत होते. मध्येच हळूच विचारलं, "पुन्याकडं जाती काय तुमची गाडी?"

"जाते."

"माही पोरगी हाये तठी. लय शिकेल हाये. दिसली तं सांगजा, बापानं बलावलं मना."

पाणी पिऊन मी म्हटलं, "सांगते."

पहाटे त्यांनी पाणी तापवून ठेवलं. माझं परतीचं तिकीट होतं. त्यांनी बॅग आणून दारात ठेवली, इतक्या व्यवस्थित, जशी मी गाव सोडलं त्या पहाटे माझी ठेवली होती. मला निघवेना. तोंडून निघून गेलं, "गाडी बिघडली आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला! बॅग उचलून परत आत नेली.

तेव्हापासून मी रोज तेच सांगते. रजा संपली आहे. हे मी पाण्याच्या टाकीजवळ बसून लिहितेय, रेंज इथंच येते, आणि मध्ये मध्ये ऑफिसचे मेसेज येऊन पडतात. तुम्ही जे गावी राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, कुणाला ठाऊक असेल तर सांगा, एक गाडी किती दिवस बिघडलेली राहू शकते?

आजही पाणी तापवून त्यांनी विचारलं, "झाली काय दुरुस्त?"

"नाही झाली."

"मंग राहा ना," बाबा म्हणाले. "लाजू नोका मॅडम. घर तुमचंच हाये."