दाजींची पाणसळ आणि हट्टी पट्टा

दाजी आमच्या घरात पहिल्यांदा आले, त्या दिवशी आमच्या घराचा तोल गेला. म्हणजे खरं तर सावरला; पण जन्मभर वाकड्यात राहिलेल्या माणसांना सरळपणाने चक्कर येते, तसं झालं. ते आले होते स्वयंपाकघराची फरशी बसवायला. दारात चपला काढल्या, शर्टाच्या खिशातून वीतभर पाणसळ काढली आणि नमस्कार करायच्या आधी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. काचेच्या नळीत हिरवं पाणी, पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा धावत जाऊन एका टोकाला बसला.

"अरेरे," दाजी म्हणाले. घरात कुणी गेल्यासारखा चेहरा.

मग त्यांनी ती कपाटावर ठेवली, खिडकीत ठेवली, पलंगावर ठेवली आणि शेवटी, मी शपथेवर सांगतो, पलंगावर पेपर वाचत बसलेल्या माझ्या वडिलांच्या टकलावर ठेवली. "काका, तुमचं मात्र बरोबर आहे हो," असं त्यांनी सांगितल्यावर वडील आठवडाभर मान न हलवता घरात वावरत होते. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तूच्या पायाखाली पाचर गेली होती. आमचं मांजर घराच्या जुन्या उताराच्या हिशेबाने उडी मारायचं. ते खिडकीतून थेट शेजाऱ्यांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. फरशीचं काम मात्र असं लांबत गेलं की तेवढ्यात माझ्या ताईचं नर्सिंगचं शिक्षण संपलं, तिला नोकरी लागली आणि एक दिवस वडील म्हणाले, "आता या माणसाला जावई करून घ्या, नाहीतर तो जायचा नाही."

तर असे आमचे दाजी. सरळपणाचं वेड लागलेल्या या माणसाने घर घेतलं ते गावातल्या सगळ्यात उभ्या उतारावर. का, तर स्वस्त होतं. आत पाऊल टाकलं की गोटी ठेवली तरी हलणार नाही अशी फरशी. दाराबाहेर पाऊल टाकलं की माणूस थेट खालच्या लाँड्रीपाशी.

आणि त्या उतारावर, दारासमोर, उभी असायची त्यांची लाडकी. लाल रंगाची, दोनच माणसांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार. ती त्यांनी एका म्हाताऱ्या व्हायोलिन-मास्तरांकडून घेतली होती. इतकी बुटकी, की आत बसणं म्हणजे घंगाळात बसणं, आणि उतरताना हात द्यायला माणूस लागायचं. आवाज असा, की दाजी गल्लीत शिरायच्या आधी ताई गॅसवर चहा ठेवायची. त्या गाडीत ताईला शेजारी बसवून, टप उघडा टाकून, तळ्याच्या कडेने एक चक्कर मारायची, एवढं एकच स्वप्न त्या माणसाने आयुष्यात पाहिलं होतं. बाकी सगळी त्यांनी फरशीखाली गाडली.

अडलं ते सीटच्या पट्ट्यावर. ताई अपघात विभागात नर्स. पट्टा न लावणारी माणसं कशा अवस्थेत येतात हे ती रोज बघायची, त्यामुळे पट्ट्याशिवाय ती खुर्चीवर तरी बसत होती हेच नवल. दाजींच्या बाजूचा पट्टा मास्तरांनी कधीतरी बदलून साधा करून घेतला होता, हाताने आवळायचा. शेजारच्या बाजूचा मूळचा होता: खाली एक डबी, तिच्यात पट्टा स्प्रिंगने गुंडाळलेला. ओढला की यावा, सोडला की परत जावा. ताई आत बसली, तिने ओढला. आला नाही. हळू ओढला, रागाने ओढला, दोन्ही हातांनी ओढला. नाही म्हणजे नाही.

"अगं, तू झटका देतेस," दाजी म्हणाले. "त्याला गोडीने घ्यावं लागतं."

"मी नवऱ्याला गोडीने घेतलं नाही, तर पट्ट्याला घेऊ?" म्हणत ताई गाडीतून निघाली. निघाली म्हणजे आम्ही दोघांनी ओढून काढली.

मग दाजींनी दुरुस्ती मांडली. मला मदतीला बोलावलं, कारण शिव्या घालायला शेजारी कुणीतरी लागतं. गाडीतलं आतलं पत्र्याचं झाकण उतरवलं, मोठ्या पान्याने बोल्ट काढला आणि डबी जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. चिमट्याने तिच्यातून काय काय निघालं! केसांची पिन, गोळीचा कागद, व्हायोलिनची तार. एका बाजूला छोट्या वाटीत एक पोलादी गोळी लुडबुडत होती.

"ही कशाची?" मी विचारलं.

"मास्तरांची असेल," दाजी म्हणाले. "राहू दे. मूळ मालकाच्या वस्तूंना मी हात लावत नाही."

पट्टा थोडा थोडा करून बाहेर काढला, परत आत पळू नये म्हणून कागदांचा चिमटा लावला आणि साबणाच्या पाण्यात ब्रशने घासला. ताई ड्यूटीवरून आली तेव्हा कपड्यांच्या टबात तिच्या पांढऱ्या गणवेशाशेजारी पट्टा मुरत होता. त्या प्रसंगाचं संभाषण मी इथे देत नाही. माझी पुस्तकं मुलंही वाचतात.

एवढं करून, वाळवून, टेबलावर ओढून पाहिला तर अडलेलाच. हातात धरला की कधी यायचा, कधी नाही. "मूड आहे त्याचा," दाजी म्हणायचे. शेवटी वैतागून त्यांनी डबी कामावर नेली आणि जेवणाच्या सुट्टीत तिथेच गाडीत बसवली. आणि तिथे, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये, त्यांच्याच हाताने बसवलेल्या फरशीवर उभ्या गाडीत, पट्टा सुळ्‌कन आला.

दाजींनी लगेच ताईला फोन लावला. "हॅलो? काही बोलू नकोस. ऐक." आणि फोन पट्ट्याजवळ धरला. सुळ्‌क. सर्र. सुळ्‌क. सर्र.

"अहो, मी पेशंटची पट्टी सोडवतेय," पलीकडून आवाज आला, "आणि तुम्ही मला साप ऐकवताय?"

संध्याकाळी ते घरी आले. ताई गाडीत बसली, पट्टा ओढला. अडला. तिने नवऱ्याकडे फक्त पाहिलं. "फोनवर छान चालतो नाही?"

हे असं रोज. कामावर लोण्यासारखा, घरी दगड. मला साक्षीदार म्हणून कामावर नेण्यात आलं. मी हाताने ओढला, आला. तो लावून घरापर्यंत आलो. दारात उतरलो, पट्टा आत गेला, ताई बसली. अडला. मी आईची शपथ घेतली.

"तुला किती चहा पाजला यांनी?" ताई म्हणाली. "आणि आईला यात ओढू नकोस. अहो, स्पष्ट ऐका. रविवारी आमच्या दवाखान्यातले दाताचे डॉक्टर गाडी घ्यायला म्हणून बघायला येतायत. मी बोलावलंय. तोवर हा पट्टा माझ्या हाताला आला तर गाडी राहील. नाही तर गाडी त्यांची आणि तुम्ही माझे."

"पट्ट्याला तूच नकोस," दाजी म्हणाले. फार हळू म्हणाले. मला तो माणूस पहिल्यांदाच एका बाजूला कललेला दिसला.

रविवारी दंतवैद्य वेळेवर आले. स्वच्छ शर्ट, स्वच्छ दात. गाडीभोवती फिरले, "वा" म्हणाले, आणि तिचा बंपर असा दाबून पाहिला, जणू "दुखतंय का?" विचारतायत. दाजींनी ताईला शेवटची विनंती केली. ताई बसली. ओढला. अडला. चालकाच्या जागी बसलेल्या दाजींनी अर्धवट सोडलेल्या हँडब्रेकवरचा हात काढला, गाडीतून उतरले आणि किल्ली द्यायला डॉक्टरांकडे वळले. त्या दुःखात ब्रेक पुरता ओढायचा राहिला.

ताई मात्र चिडून पट्ट्याशी झोंबत होती. "येतोस की नाही? येतोस की नाही रे?" प्रत्येक हिसक्याला गाडी बोटभर सरकत होती. आणि एका हिसक्याला ती निघालीच.

"अहो!" ताईचा आवाज आला. "तुमची गाडी चाललीये!"

"आमची नाही, डॉक्टरांची!" दाजी ओरडले आणि धावले. एक चप्पल दारात, एक उतारावर. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे दंतवैद्य. ते धावताना "तोंड उघडं ठेवा, श्वास घ्या!" असं सवयीने ओरडत होते.

"ब्रेक! मधला दांडा! ओढ!"

"मी ओढतेच आहे!" ताई ओरडली. ती दांडा नव्हे, पट्टाच ओढत होती. टप उघडा, केस मोकळे, लाल गाडी ऐटीत खाली चाललेली. एक सायकलवाला बाजूला झाला आणि त्याने चक्क सलाम ठोकला. तळाशी लाँड्रीसमोर रस्ता सपाट होतो. तिथे गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यात नाक खुपसून थांबली.

आम्ही धापा टाकत पोचलो तर ताई आत ताठ बसलेली. छातीवरून पट्टा लावलेला. तिने तो काढला. सर्र. ओढला. सुळ्‌क. "आला," ती म्हणाली. चेहऱ्यावर विलक्षण आनंद. "अहो, आला! मला आला!"

दाजींनी खिशातून पाणसळ काढली आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग त्यांनी मान वळवून वर, आपल्या घराकडे, त्या उभ्या उताराकडे पाहिलं, आणि रस्त्यातच बसले.

"गोळी," ते म्हणाले. "ती गोळी मास्तरांची नव्हे. ती पाणसळ आहे! गाडी कलली की ती वाटीत सरकते आणि पट्टा अडवते. अपघात झाला असं समजते ती."

"म्हणजे आपल्या दारासमोर," ताई म्हणाली, "या गाडीला रोज अपघात होतो?"

"उभ्याउभ्या!"

त्यावर दोघं असे हसत सुटले, की लाँड्रीवाला चादरींची तक्रार विसरला. मग दाजी अनवाणीच आत बसले, स्वतःचा पट्टा आवळला. "काय मेव्हणे, डॉक्टरांना चहा द्या!" एवढं ओरडून गाडी तळ्याकडे गेली. ताईने दोन्ही हात हवेत केले होते. दंतवैद्य आणि मी गाठोड्यांत उभे राहून आवाज संपेपर्यंत ऐकत राहिलो. "दात छान आहेत हो ताईंचे," ते म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी दाजी गाडी खाली न्यायचे, ताई पायी उतरून लाँड्रीसमोर गाडीत बसायची. दोन वर्षं अशी गेली. मग ताईचे गुडघे चढ-उताराला कुरकुरू लागले, म्हणून त्यांनी उतारावरचं घर विकून खाली सपाट रस्त्यावर घेतलं.

तिथे गाडी लावायला जागा नव्हती. शेवटी गाडी दंतवैद्यांनीच घेतली.