टाचणीदादाचा मुकुट

मुकुट डोक्यावर चढला तेव्हा सकाळचे दहा वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या घरात आतोबा राहतात. बत्तीस वर्षं त्यांनी डेपोत बसगाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या. पुढे गाड्या सुटल्या, सवय काही सुटली नाही. मास्तरांच्या तोंडून "अरेरे!" निघालं, तसं वर्तमानपत्रातून मान वर न काढता ते म्हणाले, "दहा सात."

"काय झालं?" पलंगावरून आत्याने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. वर्गात एखादं पोर असं "काही नाही" म्हणालं, की मास्तर हातातला खडू खाली ठेवून त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहतात.

मास्तर म्हणजे आत्याचे सख्खे भाचे. शाळेत भूगोल शिकवतात, वय बेचाळीस, स्वभाव कुतूहलाचा. आदल्या दिवशी आत्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर काळा चष्मा आणि डॉक्टरांची तंबी: आठ दिवस पडद्याकडे बघायचं नाही. म्हणून आत्याने भाच्याला सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलं होतं आणि संगणकापुढे बसवताना बजावलं होतं, "तुझं डोकं नकोय मला. फक्त बोटं हवीत."

आत्याने तीस वर्षं कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर. दुकान दुसऱ्याला दिलं आणि घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने आतोबांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या विनाकारण दोन बोटं आखूड केल्या. घाबरून लेकीने तिला एक ऑनलाइन खेळ लावून दिला. तलवारी, राक्षस, गुहा, खजिने, सगळं त्यात होतं. लाखो माणसं त्यात राक्षस मारतात. आत्याने चार वर्षांत एक कोंबडी मारली, तीही चुकून पाय पडून.

तिला सापडला तो बाजार. राक्षस मारून दमलेली माणसं गुहेतून बाहेर येतात ती पाठीवर पोती घेऊन. गावापर्यंत ओझं न्यायचा कंटाळा असतो. आत्या गुहेच्या तोंडाशीच उभी राहायची, पोतं पडत्या भावात घ्यायची आणि गावात नेऊन दामदुपटीने विकायची. "माणूस घाईत असला की शिलाई विचारत नाही," हे ती दुकानात शिकली होती. तेच इथे लागू पडलं. दर गुरुवारी खेळ दोन तास दुरुस्तीसाठी बंद असायचा, आणि उघडला की सगळे औषधाच्या बाटल्यांवर तुटून पडायचे. आत्या बुधवारीच बाटल्या भरून ठेवायची.

खेळातला तिचा माणूस मात्र बघण्यासारखा होता. साडेसहा फूट उंच, दंड केळीच्या खांबासारखे, छातीपर्यंत रुळणारी तांबडी दाढी. चित्र निवडताना आत्याला चष्मा सापडत नव्हता, दाढी तिला मफलर वाटली. नाव काय ठेवायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तर समोर टाचण्यांची डबी. तो आडदांड गडी तेव्हापासून 'टाचणी' झाला आणि बाजारातली तरुण मंडळी अदबीने 'टाचणीदादा' म्हणू लागली. आत्याने कुणाची चूक दुरुस्त केली नाही. "दादा म्हटलं की घासाघीस कमी करतात," ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र तिला दोन वर्षं हुलकावणी देत होती. दर महिन्याअखेर खेळातल्या व्यापाऱ्यांचा महिन्याचा नफा मोजला जायचा. महिन्याभरात जितक्याची विक्री झाली, त्यातून त्याच महिन्यातली खरेदी वजा. पहिल्या दहांना गावच्या मोठ्या चौकात, कारंज्याशेजारी, स्वतःच्या पाटीसकट दुकान मिळायचं. आत्या कायम अकरावी. दहाव्या जागेवर 'लोखंडी बोका' नावाचा कुणी पसरून बसलेला. मोठ्या माणसाला कारंज्याशेजारच्या दुकानाचं काय एवढं, असं मास्तरांना वाटलं होतं. पण आत्याचं खरं दुकान तीस वर्षं जिन्याखाली होतं. वरून कुणी धावत उतरलं की कात्री थरथरायची. तिथे पाटी लावायला भिंतच नव्हती.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला मोजणी. बोका पंचेचाळीस हजार नाण्यांनी पुढे. आणि आत्याच्या पेटीत होता चंद्रमुकुट, चार महिने जपून ठेवलेला. खेळातला एक सरदार तो पन्नास हजारांना घ्यायला अकराला येणार होता.

"मास्तर," आत्या आता उठून बसली होती, "काय झालं?"

"आत्या, मी नुसतं बघत होतो. डोक्यावर कसा दिसतो ते."

आतोबांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली घेतलं. त्या खेळाचा एक नियम त्या घरात सगळ्यांना पाठ होता: भारी वस्तू एकदा अंगावर चढली की ती त्या माणसाचीच. काढून ठेवता येते, विकता येत नाही.

"घातलास?"

"घातला."

"मी काय म्हणाले होते?"

"फक्त बोटं."

"मग हे कुणी केलं? डोक्याने ना?"

"अगं, राहू दे," आतोबा म्हणाले. "मुकुट आहे, माणसाला मोह होणारच. तुझे ते दोनशे शेवाळी अंगरखे पेटीत पडलेत, ते घालायचा मोह आजवर कुणाला झालाय का?"

हा वार जिव्हारी बसणारा होता. दलदलीचा नवा मुलूख उघडणार अशी मागे अफवा होती. दलदलीत शेवाळी रंग चालेल म्हणून आत्याने तसले दोनशे अंगरखे घेऊन ठेवले. मुलूख उघडला तो वाळवंटाचा. तेव्हापासून आतोबा महिन्यातून दोनदा त्या अंगरख्यांची विचारपूस करायचे.

अकराला सरदार आला. आत्याने सांगितलं तसं मास्तरांनी लिहिलं, "मुकुट आता विकता येणार नाही. चूक आमच्याकडून झाली. दिलगीर आहे." सरदाराने उत्तरात तीन शब्द लिहिले, ते मास्तरांनी वाचून दाखवले नाहीत. जाता जाता मात्र त्याने आणखी एक ओळ लिहिली: "पण दादा, दिसतो मात्र झकास."

ही ओळ मास्तरांनी आत्याला खूश करायला वाचली. आत्या खूश झाली नाही. ती रिकाम्या हाताची बोटं कापड चाचपावं तशी चादरीवर चोळू लागली.

"याआधी हा मुकुट घातलेला कुणी पाहिलाय?"

"मला काय माहीत?"

"कुणीच नाही. जो तो विकायलाच ठेवतो. रंग सांग."

"चंदेरी."

"नुसता चंदेरी? नीट बघ. कडेला झाक कसली?"

मास्तर पडद्याला नाक लावून बघू लागले. "हिरवट आहे जराशी. डबक्यावर तवंग असतो ना, तशी."

"अहो," आत्या आतोबांना म्हणाली, "तुम्ही विचारत होतात ना अंगरख्यांचं? आज त्यांना बाहेर काढते."

टाचणीदादाने शेवाळी अंगरखा चढवला. वर चंद्रमुकुट, खाली तांबडी दाढी. दोनशे नगांचा जो रंग पेटीत कुजत पडला होता, तो मुकुटाखाली असा खुलला की मास्तर नकळत "वा!" म्हणाले.

"आता कारंज्याजवळ जा, दिव्याखाली उभा राहा आणि गप्प बस."

"कुणी काही विचारलं तर?"

"दुकानातला पुतळा बोलतो का कधी?"

मास्तर उभे राहिले. पाच मिनिटांत चारजण जमले, अर्ध्या तासात वीस. एक मुलगी दाढीभोवती तीन प्रदक्षिणा घालून गेली. "मुकुट कितीला?" सगळ्यांचा एकच प्रश्न. विकायचा नाही, एवढंच आत्याने लिहायला सांगितलं. मग कुणीतरी विचारलं, "आणि खालचा अंगरखा?"

"लिही, बाजारात बघा. आणि बाजारात पाच ठेव. दोनशेला एक."

"पाचच? पेटीत दोनशे आहेत!"

"दोनशे एकदम मांडलेस तर लोक पोतेरं म्हणून घेतील. पाच."

पाच गेले. पुन्हा पाच. जेवणं झाली, आतोबांची डुलकी झाली, मास्तर दिव्याखाली उभेच. चार वाजेपर्यंत चाळीस अंगरखे गेले आणि आठ हजार आले. बोका अजून सदतीस हजारांनी पुढे होता.

"नाही जमायचं, आत्या," मास्तर मनापासून म्हणाले.

"भाव अडीचशे कर."

"अगं, खप कमी होईल."

"बोटं."

मास्तरांनी भाव वाढवला. चार वाजून अडतीस मिनिटांनी पाचही अंगरखे एका झटक्यात गेले. पुढचे पाचही. मास्तर खुर्चीतून उठलेच. "आत्या, एकच माणूस घेतोय! लोखंडी बोका!"

"आला का? म्हटलं कसा नाही आला अजून." आत्याने उशी पाठीमागे सारली. "सगळा माल गोळा करायचा आणि उद्या पाचशेला विकायचा, असा बेत असणार. मीही तेच केलं असतं. शंभर मांड."

"एकदम?"

"मांड रे!"

शंभरच्या शंभर बोक्याने उचलले. आतोबा उठून मागे येऊन उभे राहिले होते. "चार बावन्न."

"पण आपल्याला तर साडेसत्तावीस हजारच आणखी मिळाले," मास्तर कळवळून म्हणाले. "सदतीस हवे होते!"

"आणि ते साडेसत्तावीस कुणाच्या नफ्यातून गेले? त्याची खरेदी आज वजा होणार, विक्री उद्यापासून. कर हिशेब. मास्तर ना तू?"

"मी भूगोल शिकवतो."

"मग दिशा तरी सांग. तो वर चाललाय की खाली?"

पाच वाजले. यादी बदलली. मास्तरांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि मग मोठ्याने वाचली. दहावी जागा: टाचणी. अकरावी: लोखंडी बोका, शेवाळी अंगरख्यांसकट. कारंज्याशेजारच्या रिकाम्या दुकानावर आपोआप एक पाटी चढली.

"कशी दिसते?" आत्याने विचारलं. आवाज जरासा ओला होता, पण तो डोळ्यात घालायच्या थेंबांमुळे, असं तिचं म्हणणं.

"मोठी आहे. निळी. सरळ लागली आहे," मास्तर म्हणाले.

"जिन्याखाली तर नाही ना?" आतोबांनी विचारलं, आणि न सांगता चहा टाकायला गेले.

मास्तर खुर्चीत रेलले. सात तासांच्या अपराधाचं ओझं उतरलं होतं आणि त्या जागी हळूहळू दुसरंच काहीतरी चढू लागलं होतं. पडद्यावर मुकुट झळकत होता. त्यांनी घसा खाकरला.

"आत्या, खरं सांग हं. मी तो मुकुट घातला नसता, तर आज जमलं असतं का हे सगळं?"

"अकराला विकून दुपारी झोपले असते."